नांदेड ते लातूर, पंचवीस मिनिटं

आमच्या ह्यांना, म्हणजे मल्लिनाथ यांना, लातूरच्या विमानतळाचा तोरा एवढा की जणू ह्यांनीच तो बांधलाय. हे तिकडे प्लॉट विकतात. पाटीवर विमान, बोलण्यात विमान. इथून प्रवासी विमान उडत नाही हे अख्ख्या लातूरला माहीत आहे, पण ह्यांच्या तोंडून ते कधी निघायचं नाही.

पहाटे सासूबाई गेल्या. नणंद शिवकांता नांदेडला. अंगणात भावकी जमली, त्यात ह्यांचे काही गिऱ्हाईकही होते. कुणीतरी म्हणालं, लेकीला यायला दुपार होईल. ह्यांनी लगेच मोबाईल काढून सगळ्यांना दाखवला.

"हे बघा. दोन विमानतळांमधलं अंतर सव्वाशे किलोमीटर. पंचवीस मिनिटांचं काम हाय."

आणि तिथंच फोन लावून बहिणीला फर्मावलं, "गाडीबिडी बघू नको. सरळ विमानतळ गाठ."

रडून बेजार झालेली बाई, थोरल्या भावाचं ऐकून गेली. मला ह्यांची किळस आली. आई गेली तरी ह्यांचा प्लॉट सुटेना.

बऱ्याच वेळानं शिवकांताचा फोन मला आला. "वहिनी, लातूरला विमानच न्हाई म्हणतेत. गेटवरचा माणूस हसून राहिला. आता जीप केली. मी येईस्तोवर आईला ठेवा, वहिनी."

मी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं. "लोकांत बोलू नको," हे दबक्या आवाजात म्हणाले आणि अंगणात जाऊन मोठ्यानं म्हणाले, "विमान लेट हाय. किती थांबायचं? उरकून घेऊ."

सासूबाईंना आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवलं होतं. आमच्या लिंगायतांत माणसाच्या गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून मगच समाधी देतात. आंघोळीच्या वेळी सासूबाईंचं ते मी काढून ठेवलं होतं. विधी करायला आलेल्या स्वामींनी त्यासाठी हात पुढे केला. मी मूठ उघडली नाही.

"मंजुषा, लिंग दे," हे म्हणाले.

"देते. तुमचं विमान उतरू द्या."

 स्वामींनी ह्यांच्याकडे पाहिलं. "विमानतळावर तिला आणायला कोण गेलंय?"

हे मोबाईलमध्ये बघू लागले. स्वामी ओट्यावर जाऊन बसले. "लेक येऊ द्या," म्हणाले.

उन्हं कलताना जीप आली. मी शिवकांताच्या हातात लिंग दिलं. माझ्या मुठीत ते घामेजून गेलं होतं. तिनं ते आईच्या तळव्यावर ठेवलं, आईची बोटं मिटवली आणि तिथंच कपाळ टेकून रडली.

उचलायची वेळ झाली तसे हे खांदा द्यायला पुढे सरसावले. शिवकांतानं ह्यांना हातानं मागं सारलं आणि स्वतः खांदा दिला.

"आम्ही चालत जातो," ती म्हणाली. "तू विमानानं ये, दादा."

हे मोबाईल खिशात घालून सगळ्यांच्या मागून चालत आले.