सहीची जागा

शहादेवनं पागोट्याच्या घडीतून बाभळीचा काटा काढला. कागद खिडकीच्या उजेडाकडं धरून बेरजेच्या शेवटच्या आकड्यापुढं त्यानं मागच्या बाजूनं काटा टोचला, आणि पुढून बोट फिरवून पाहिलं. बारीकसा उंचवटा बोटाला लागला. बेरीज पक्की झाली. तो दुसऱ्या बेरजेकडं वळला.

शेजारी परीक्षेलाच बसलेल्या त्रिंबकनं डोळे मोठे केले.

"काय करायलास बे?" तो पुटपुटला. "कागद हाय का पत्रावळ?"

शहादेव नुसता हसला. ज्याला गुरूच नाही, त्याला शिस्त कुठली ठाऊक असणार!

खरं तर वर्षापूर्वी शहादेवलाही ती ठाऊक नव्हती. निजाम सरकारच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून त्यानं सहा वर्षं काढली होती आणि हिसाबाच्या परीक्षेत दोनदा आपटी खाल्ली होती. उर्दू त्याला येत होती. पण रकमा लिहायच्या सियाकात, म्हणजे जुन्या फारसी आकड्यांत, आणि ते आकडे त्याला शाईत बुडून निघालेल्या मुंगळ्यांसारखे दिसायचे. ही तिसरी खेप. पंचविशी उलटली की नोकरीचं दार बंद, आणि पंचविशीला दोनच महिने उरले होते. रोज पाली गावाहून चालत यायचं, चालत जायचं. घरात केसरबाई दुसऱ्याच्या रानात खुरपून आणेल, त्यावर चूल पेटायची. बायकोच्या जिवावर जेवतो, असं गाव तोंडावर म्हणत नव्हतं एवढंच.

त्याला तारलं मदिनाबींनी. त्यांचे मालक चाँदसाहेब कचेरीचे जुने हिसाबनीस. ते वारल्यावर विधवेला वजिफा सुरू झाला, आणि महिन्याचे निजामी शिक्क्याचे आठ हाली रुपये तिच्या घरी पोचवायचं काम उमेदवार म्हणून शहादेवकडं आलं. दुसऱ्यांदा नापास झाला त्या दिवशी रुपये उंबऱ्यावर ठेवून तो तसाच ओट्यावर बसून राहिला.

"कावून बसला, भाई?" तरटाच्या पडद्याआडून आवाज आला.

त्यानं सांगितलं.

"सरावाचा कागद हाय का? इकडं सरकवा."

पडद्याखालून कागद आत गेला आणि थोड्या वेळानं परत आला. जिथं जिथं चुकलं होतं, तिथं तिथं शाईचा एकेक ठिपका.

"साहेबांचं बघून बघून आलं," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून वर्षभर शहादेव ओट्यावर आणि मदिनाबी पडद्याआड. त्यांचा चेहरा त्यानं कधी पाहिला नाही. शाईनं काळी पडलेली दोन बोटं तेवढी ओळखीची. पैशाचं नाव काढू दिलं नाही. सीताफळं नेली तर ठेवून घ्यायच्या, आणि टोपली रिकामी परत जाऊ नये म्हणून केसरबाईसाठी मूठभर काहीतरी घालायच्या. बेरीज दोनदा तपासून झाली की काटा टोचायचा, ही शिस्तही त्यांचीच.

"कावून, अम्मा?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"साहेबांच्या हिसाबात असंच ऱ्हायचं."

त्यानं पुन्हा विचारलं नाही.

दुपारी मोठे हिसाबनीस सुंदरराव एकेकाला समोर बोलावून कागद तपासू लागले. शहादेवच्या कागदावरून फिरता फिरता त्यांचा अंगठा अडला.

"हे काय?"

"बेरीज तपासल्याची खूण, सरकार."

मागं त्रिंबक खुसखुसला.

"कुणी शिकवली?"

"मदिनाअम्मांनी. चाँदसाहेबांच्या घरून." सांगताना शहादेवचा ऊर भरून आला. "त्या नसत्या तर म्या इथं उभा नसतो, सरकार. साहेबांच्या हिसाबात अशीच खूण असायची म्हणतेत."

सुंदररावांनी बाकीच्यांना बाहेर बसायला सांगितलं. फडताळातून एक जुनी वही काढली, उघडली, आणि डोळे मिटून पानावर बोट फिरवलं. बेरजेपुढं बोट थांबलं. तिथंच चाँदसाहेबांची सही होती. पुढच्या पानावर तसंच. त्याच्या पुढच्या पानावरही.

"आमी समजायचो, वाळवी लागली," ते हळू आवाजात म्हणाले. "शेवटची सात वर्षं वह्या घरी न्यायचे. पायरी चाचपत उतरायचे. म्हणायचे, गुडघा धरलाय."

शहादेवच्या ध्यानात आलं. साहेबांना दिसत नव्हतं. सही कुठं करायची ते बोटाला कळावं, म्हणून तो काटा. मग हिसाब लिहिणारा हात कुणाचा, हे आता सांगायला नको होतं. आणि आपण मूर्खासारखं नाव घेऊन मोकळे झालो! सुंदररावांच्या एका शेऱ्यानं अम्मांचा वजिफा बंद झाला असता.

"सरकार," तो हात जोडून म्हणाला, "मला नापास करा. पण अम्मांच्या पोटावर पाय देऊ नका."

सुंदरराव वहीकडंच पाहत होते.

"ह्या वह्यांत एका पैची चूक निघाली न्हाई कधी," ते म्हणाले. "ह्याच पुढं ठेवून म्या हिसाब शिकलो. चाँदसाहेब माझे गुरू, असं आजवर सगळ्यांना सांगत आलो."

त्यांनी वही मिटली, कपाळाला लावली आणि फडताळात ठेवली. मग कोरा कागद घेऊन शहादेव पास झाल्याचा दाखला लिहिला. सही तेवढी राहिली. त्यांनी शहादेवपुढं हात केला.

"काटा दे."

संध्याकाळी शहादेवनं तो दाखला पडद्याखालून आत सरकवला आणि उंबऱ्यावर डोकं टेकवलं.

आतून आधी हसल्याचा आवाज आला. मग दुआ. मग कागदावरून बोट फिरल्याची सळसळ.

"सहीजवळचं हे भोक तुमचं न्हाई."

"न्हाई, अम्मा. सुंदररावांचं. त्यांनी सलाम सांगितलाय तुमाला."

मग खालून दाखला बाहेर आला, आणि कागदावर ती दोन काळी बोटं क्षणभर टेकून राहिली.

"त्यांना सांगा," मदिनाबी म्हणाल्या, "मागून टोचायचं असतं. तवाच बोटाला लागतं."