नऊही जणींना वाचून दाखवले

"एवढं एक वाक्य घाल आणि पाठवून दे. बाकी सगळं झकास आहे," विभागप्रमुख मोठ्या बाई शिक्षिकेला म्हणाल्या होत्या. त्याला अकरा वर्षं झाली. मोठ्या बाई सत्कार घेऊन निवृत्त झाल्या. वाक्य मात्र जागचं हललं नव्हतं. छापील शोधनिबंधाचं पाचवं पान, खालून तिसरी ओळ.

आज ते भर वर्गात वाचलं जात होतं. परीक्षणासाठी छापून आलेले शोधनिबंध विद्यार्थिनींना चिठ्ठ्या टाकून वाटले होते, आणि हा नेमका सिस्टरच्या वाट्याला आला होता. वॉर्डात बावीस वर्षं काढून ती पुढं शिकायला आली होती. वर्गात सगळ्यांत थोरली, आणि जिभेला हाड नाही.

"'निष्कर्ष नऊही सहभागींना वाचून दाखवले व त्यांनी ते मान्य केले.'" सिस्टरनं चष्मा कपाळावर सरकवला. "मॅडम, हे काही मला पटलं नाही."

"का?" शिक्षिकेनं विचारलं. हाताला खडू नव्हता, तरी ती बोटं पुसत राहिली.

"कुणी वाचलं, कधी वाचलं, पत्ताच नाही. नऊ बायकांतल्या एकीनंही 'अहो, मी असं म्हणाले नव्हते' म्हणू नये? आमच्या घरी तिघींचं भाजीतल्या मिठावर एकमत होत नाही."

वर्ग हसला.

"आम्हीही चार्टवर लिहितो ना, 'औषध दिलं'. ड्यूटी संपताना, एका दमात, सगळ्या पेशंटांच्या नावापुढं. हे वाक्य तसलं आहे."

निबंधावर नाव एकट्या मोठ्या बाईंचं. मुलाखतींसाठी दारोदार हिंडलेली 'एक सहायिका' शेवटी आभारात होती, तीही बिननावाची. ती सहायिका म्हणजे शिक्षिकाच; तेव्हा ते तिला फार लागलं होतं. आज ती त्याच आडोशाला उभी होती.

"आणि ही सातवी बाई बघा," सिस्टर थांबेना. "अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं नऊ वर्षं करतेय. म्हणते, 'आता कंटाळासुद्धा येत नाही.' तिला यांनी घातलंय कुठं? 'समाधान' या सदरात! कसलं समाधान? आतून विझलीय हो ती."

मुलाखतीत ते वाक्य बोलून सातव्या बाईनं नवऱ्याची चादर सारखी केली होती. मग म्हणाली होती, "ताई, छापण्याआधी मला वाचून दाखवाल ना? माझ्या तोंडी भलतंच नको." आणि शिक्षिकेनं तिच्या हातावर हात ठेवून 'हो' म्हटलं होतं.

त्या बाईचं घर कॉलेजपासून दोन गल्ल्यांवर. अकरा वर्षं शिक्षिका बसथांब्याला लांबच्या रस्त्यानं जायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, तेवढंच चालणं होतं.

तास संपल्यावर सिस्टर टेबलाशी रेंगाळली.

"जास्त बोलले का हो, मॅडम? मोठ्या बाईंचा निबंध आहे म्हणे. मार्क कापू नका बाई."

"पैकीच्या पैकी देते. फक्त एक दुरुस्ती करा." शिक्षिकेनं तिच्या कागदावर बोट ठेवलं. "'बहुधा वाचून दाखवले नसावेत' असं लिहिलंय तुम्ही. 'बहुधा' काढा. 'दाखवले नाहीत' लिहा."

सिस्टर हसायला लागली आणि मध्येच थांबली. मग काही न विचारता तिनं पेन उघडलं.

शिक्षिकेनं निबंध पिशवीत ठेवला, वाचायचा चष्मा घेतलाय का ते चाचपलं. सातवीचा नवरा सुटला असेल, की बाईच, कोण जाणे. फाटकाबाहेर आल्यावर ती नेहमीसारखी उजवीकडे वळली, चार पावलं गेली, आणि मागं फिरून डाव्या हाताच्या गल्लीत शिरली.