मेव्हण्याचा पेपर

घड्याळं दुरुस्त करणारे भावोजी आणि त्यांचे मेव्हणे टेलरमास्तर वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर बाजारपेठेचा रस्ता! तो गाड्यांना बंद करा, असं मास्तरांचा पेपर रोज बजावायचा. मुळीच करू नका, असं भावोजींचा. आणि दोघंही असे हट्टी, की आपापला पेपर सोडून दुसऱ्या कागदाला शिवायचे नाहीत.

मग ऑपरेशन होऊन मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आल्या. घरात दुसरं कोणी नाही. मास्तरांची बहीण म्हणजे भावोजींची बायको. तिने नवऱ्याला सांगितलं, "रोज सकाळी जाऊन दादाला त्याचा पेपर वाचून दाखवायचा. या वेळी तुमचं वाजलं, तर माझं माहेर संपलं. तेवढं एकच माणूस उरलंय मला." भावोजी निमूटपणे जाऊ लागले. मास्तरांचा पेपर स्टॉलवरून घेऊन स्वतःच्या पेपरात गुंडाळून न्यायचे. न जाणो, कुणी पाहिलं तर!

तीन दिवस त्यांनी दातओठ खात वाचलं. चौथ्या दिवशी मास्तरांसमोर बसून घडी उलगडतात तो काय, आत काहीच नाही! मास्तरांचा पेपर स्टॉलवरच राहिला होता.

"हं, येऊ द्या अग्रलेख," मास्तर उशीला टेकून म्हणाले.

भावोजींनी घडी पुन्हा झटकून पाहिली. राहिला म्हणावं, तर मुद्दाम विसरलात म्हणतील. आपला वाचावा, तर भडकाच उडेल. शेवटी घसा खाकरून त्यांनी मनानेच ठोकून द्यायला सुरुवात केली. "रस्ता गाड्यांना बंदच हवा. पायी चालणारा माणूस दुकानाच्या काचेपाशी थांबतो, गाडीतला थांबत नाही. शाळेची मुलं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात..." स्वारी अशी रंगात आली, की बोलून गेले, "मात्र गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांनी दुकानापर्यंत यायचं कसं, हा विरोधकांचा प्रश्नही रास्त आहे."

मास्तर ताडकन उठून बसले. "आमचा पेपर म्हणतोय, विरोधकांचा प्रश्न रास्त? वीस वर्षांत असं कधी छापून आलेलं नाही. खरं सांगा, हातात काय आहे?"

झालं! भावोजींच्या डोळ्यांपुढे बायकोचा चेहरा उभा राहिला. "माझाच पेपर आहे," ते पडेल आवाजात म्हणाले. "तुमचा स्टॉलवर राहिला, म्हणून मनचं सांगितलं. चुकलो, मास्तर. राग माझ्यावर काढा, तिच्यावर नको."

मास्तरांचे खांदे हलायला लागले, आणि ते खो खो हसत सुटले. "अहो, आमच्या संपादकाला जन्मात जमलं नाही इतकं झकास! बरं, आता तो म्हाताऱ्यांचा मुद्दा नीट समजावून सांगा. तुम्हाला तो कधी विचारलाच नाही मी."

दुपारी डबा घेऊन आलेल्या बायकोला जिन्यातच दोघांचे चढलेले आवाज ऐकू आले. धावत वर येऊन तिने दार ढकललं. "अहो, हात जोडते तुम्हाला, गप्प बसा!"

"तू थांब गं जरा," मास्तर म्हणाले. "यांचं अजून सांगून व्हायचंय."