शेरा : डिड नॉट टर्न अप

"रामू आज आलाच न्हाय, कमळवैनी. ह्यो बगा, लिवलंय." केसरीनाथने हजेरीचा कागद गोदामाच्या गेटच्या जाळीला टेकवला.

"सहालाच घरून निघालाय. डबा इसरला म्हून मी आले."

"निघाला असंल. हितं डिड नॉट टर्न अप."

"म्हंजे काय?"

"म्हंजे यायचा होता, पन आला न्हाय."

इंग्रजीत लिहिलंय म्हटल्यावर कमळने नवऱ्याचा डबा परत पिशवीत ठेवला. रिक्षात बसून राहनाळला घरी परत गेली. तेव्हा अकरा वाजले होते.

अर्थ.

टर्न अप : येणे, हजर होणे. काल्हेरचं हे गोदाम केसरीनाथच्या बापाच्या भातखाचरावर उभं आहे. जमीन गेली, हजेरी लिहायची नोकरी आली. वीस वर्षं तो 'गैरहजर' लिहायचा, पण लिहिण्याआधी रांगांमधून एक फेरी मारून नाव पुकारायचा. मागच्या वर्षी हुकूम निघाला : शेरा इंग्रजीत, आणि आठच्या ठोक्याला कागदाचा फोटो मोबाइलवरून ऑफिसला. फेरी राहून गेली. पन्नाशीत त्याने सुधीर सरांकडे इंग्रजीची शिकवणी लावली.

वापर.

सर म्हणाले होते, "वाट पाहिली, शोधलं, तरी आला नाही, असं असेल तेव्हाच हे वाक्य. नुसता दिसला नाही म्हणून नाही."

केसरीनाथने वाक्य तेवढं पाठ केलं.

चार वाजता सात नंबरच्या रांगेत माल काढायला माणसं गेली. टाइल्सच्या खोक्यांची थप्पी आतल्या बाजूला कलंडली होती. खाली रामू. मागच्या दाराने लवकर येऊन एकटाच कामाला लागला असणार.

डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "दुपारपर्यंत श्वास चालू असावा."

"किती वाजेपर्यंत?" केसरीनाथने विचारलं.

"बारा. एक."

"अकराला व्हता?"

डॉक्टरांनी होकारार्थी मान डोलावली. गेटपासून सात नंबरची रांग चाळीस पावलं.

मॅनेजर आल्हाद त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलला. "केसरीनाथ, कागद तसाच राहू दे. तो ड्युटीवर आलाच नव्हता, म्हणजे कंपनीचा संबंध नाही. बरं झालं, स्पष्ट लिहिलंत."

केसरीनाथने टेबलापाशी जाऊन त्या ओळीवर आडवी रेघ मारली. खाली मराठीत लिहिलं : आला होता. मी शोधलं नाही. सही केली.

"हे काय केलंत? तुमचीच नोकरी जाईल."

केसरीनाथने कागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि कागद आल्हादच्या हातात दिला.

निरोप मिळाल्यावर कमळ पुन्हा येऊन गेटबाहेर उभी होती. आत कोणी सोडत नव्हतं.

"आल्ता का तो?" तिने विचारलं.

"आल्ता, वैनी."

"मी सकाळी जाताना रस्ताभर शिव्या घातल्या त्याला. म्हनलं, कुठं पिऊन पडलाय."

केसरीनाथने गेटमधल्या, माणसांसाठीच्या लहान दाराची कडी काढली नाही. ट्रकसाठी उघडतात तसे गेटचे दोन्ही पल्ले त्याने ओढून भिंतीला लावले आणि ती चालू लागेपर्यंत बाजूला उभा राहिला.