ग्लास संपेपर्यंत

मी कवळ्या बनवते. दिवसभर दातांच्या संगतीत असते, पण त्यातलं एकही तोंड माझ्याशी बोलत नाही. दवाखान्यातून साचे येतात, मागच्या खोलीत मी त्यावर दात बसवते, घासते, आणि डबा परत जातो. धुळीमुळे तोंडाला मास्क लागतो, हे एक बरं आहे. हनुवटीवरचे केस त्याखाली झाकले जातात. पीसीओएस झाल्यापासून ते चिमट्यालाही दाद देत नाहीत, आणि पाळी तर मनाला येईल तेव्हा येते.

हे कळल्यावर दूर राहणाऱ्या ताईने कसल्याशा मुळ्यांची पूड पाठवली, रोज सकाळी ग्लासभर पाण्यात कालवून प्यायला. हजारो बायकांना गुण आलाय म्हणे. ताईचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. लहानपणी मी औषध कुंडीत ओतायचे, ते ती विसरलेली नाही. म्हणून ती रोज सकाळी फोन करायची आणि माझा ग्लास रिकामा होईपर्यंत कानाला लावून बसायची. पूड इतकी कडू की जीव नकोसा व्हावा. तरी मी घोट लहान लहान घ्यायला लागले. तेवढ्या वेळात ती शेजारणीच्या कागाळ्या, भावोजींचं घोरणं, सगळं सांगून टाकायची. एरवी दिवसभरात मला हाक मारणारं कुणी नव्हतं.

मग रक्ततपासणीत लिव्हर कुरकुरतंय असं निघालं. डॉक्टरीणबाईंनी पुडीचा डबा उलटसुलट करून पाहिला. आत नक्की काय आहे, ते त्यावर धड लिहिलेलंच नव्हतं. त्यांनी पूड तिथल्या तिथे बंद करायला लावली आणि गोळ्या दिल्या. मी ऐकलं, पण ताईला सांगितलं नाही. सकाळी ग्लासात साधं पाणी भरायचे आणि फोनवर कडू लागल्यासारखं कण्हायचे. खोटे दात बनवणारीला खोटा घोट काय अवघड.

गोळ्यांनी पाळी वेळेवर यायला लागली तेव्हा आनंद झाला, आणि लगेच भीती वाटली. आता ताई फोन कशाला करेल? तरी सांगितलं, कारण ती माझ्या काळजीने झुरत होती. ती फोनवरच रडली. पुडीचे गोडवे गायले, आता धाकट्या नणंदेलाही हीच देते म्हणाली. सुटलीस बाई माझ्या कटकटीतून, असं म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सवयीने ग्लास भरला. फोन वाजला नाही. पाणी समोर ठेवून बसले, आणि इतकं एकटं वाटलं की स्वतःचाच राग आला. त्यात ती नणंद डोळ्यांपुढून हलेना. शेवटी मीच फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं. लिव्हर, डॉक्टरीणबाई, गोळ्या, आणि नणंदेला ती पूड देऊ नकोस. ताईने आधी मला चांगलंच फैलावर घेतलं. मग तिचा आवाज खाली आला.

"म्हणजे इतके दिवस पीत काय होतीस?"

"साधं पाणी."

"मग मला कशाला ताटकळत ठेवायचीस?"

"ग्लास संपेपर्यंत तू थांबायचीस म्हणून."

मला वाटलं, आता ठेवते फोन.

"आत्ता भरलेला आहे ग्लास?" तिने विचारलं.

"हो."

"मग सावकाश पी."