प्रकल्पावरचा शेरा

"हे लाल शाईतलं तुमीच लिवलाय ना बाई?"

काशीने फाइल टेबलावर ठेवली आणि शेऱ्यावर बोट टेकवलं. मधली सुट्टी चालू होती. शिक्षक-खोलीत चार-पाच जण डबे उघडून बसले होते. सगळ्यांचे हात थांबले. वैजयंती बाईंनी चष्मा लावला. अक्षर त्यांचंच होतं. 'हे तुझे काम नाही. कोणाकडून करून घेतलेस?' आणि त्याखाली, दहापैकी शून्य.

नववी ब मधल्या उन्नतीची ही आई. बेलापूरच्या खाडीकाठच्या दिवाळे गावात राहणारी, सकाळी बाजारात मासळी घेऊन बसणारी. नवरा पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळीवर असायचा, त्यामुळे शाळेत काही असलं की हीच यायची. आज ती बाजार अर्ध्यावर टाकून आली होती. बसा म्हटलं तरी बसली नाही.

वैजयंती बाईंनी शांतपणे समजावायचा प्रयत्न केला. बीजगणिताचा प्रकल्प मुलांनी स्वतः करायचा असतो, उन्नती हुशार आहे, पण हे तिच्या वयाच्या मानाने फारच पुढचं आहे, कुणीतरी मोठ्याने मदत केलेली दिसते, असं त्या म्हणाल्या. सव्वीस वर्षं हाच विषय शिकवत होत्या. मुलाचं काम कुठलं आणि मोठ्या माणसाचं कुठलं हे आपल्याला पानावर नजर टाकली की कळतं, अशी त्यांची खात्री होती.

काशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माजे घरात धावीच्या पुढं कोन शिकला नाय. मदत कोन करनार? आनि एक सांगा. तिचे वर्गातली ती मैत्री, तिचा लायटीचा मॉडेल दुकानातून आनलेला हाय, ते सगल्या वर्गाला म्हाईत हाय. तिला ईचारलात, कोनी केला म्हनून? माजे पोरीलाच कां ईचारलात?"

वैजयंती बाईंनी फाइल स्वतःकडे ओढली. कुणीतरी डब्याचं झाकण लावलं.

काशी म्हणाली, पोरगी दोन दिवस जेवली नाही. वर्गात तुम्ही तिला उभं केलंत, फाइल सगळ्यांना दाखवलीत, खोटं काम कसं ओळखायचं ते शिकवलंत. आता पोरी तिला विचारतात की तू कितीला विकत घेतलास. मार्कांसाठी मी आलेली नाही, ती म्हणाली. तुम्ही एकदा जेट्टीवर या आणि काय ते डोळ्यांनी बघा.

ती गेल्यावर वैजयंती बाईंनी फाइल पुन्हा उघडली. खरं म्हणजे, तपासताना त्यांनी ती नीट वाचलीच नव्हती. अठ्ठावन्न फायली तपासायच्या होत्या आणि शाळेच्या ॲपवर गुण भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मैत्रीचं मॉडेल त्यांना आठवलं. थर्माकोलवर रंगीत दिव्यांची माळ, बटण दाबलं की दोन रेषा उजळायच्या आणि जिथे छेदायच्या तिथे लाल दिवा लागायचा. सेक्टरातल्या स्टेशनरीच्या दुकानात तसली मॉडेल्स काचेच्या कपाटात मांडून ठेवलेली असतात. बाईंनी ती येता-जाता पाहिली होती. तरी त्या मॉडेलला त्यांनी दहापैकी दहा दिले होते, आणि विभागाच्या प्रदर्शनासाठी शाळेकडून तेच जाणार होतं. मैत्रीचे वडील पालक संघाचे अध्यक्ष होते. त्यांच्यासाठी आपण गुण दिले, असं बाईंना कधी वाटलं नव्हतं. आता मात्र आपण तिला काहीच का विचारलं नाही, याचं दुसरं कारण त्यांना सापडेना.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या दिवाळ्याला गेल्या. शाळेपासून चालत पंचवीस मिनिटं. सव्वीस वर्षांत या गावातली किमान दोनशे मुलं त्यांच्या हाताखालून गेली असतील, पण एकाच्याही घरी त्या गेल्या नव्हत्या.

उन्नतीचे आजोबा, गोटीराम, जेट्टीवर जाळं पसरून बसले होते. उन्नती जवळच होती. बाईंना पाहून ती उठून उभी राहिली, पण पुढे आली नाही. आजोबांनी जेट्टीच्या खांबाला बांधलेला एक बांबू दाखवला. त्यावर वीतभर अंतराने पांढऱ्या रंगाच्या खुणा केलेल्या होत्या. पाणी कुठवर चढलं ते पोरगी त्यावरून बघायची, त्यांनी सांगितलं. पाणी चढायचं थांबलं की ती वेळ लिहायची. महिनाभर. भरती सकाळी तिच्या शाळेच्या वेळेत यायची, त्या दिवसांत ते स्वतः घड्याळ घेऊन बसायचे आणि ती आली की वेळ सांगायचे.

त्यांनी सांगितलं की त्यांचा बाप त्यांना पाऊण तासाचा हिशोब शिकवून गेला होता. पुनवेला बाराच्या सुमाराला भरती, पुढे रोज पाऊण तास उशिरा. "सत्तर वरसं मी तेच धरून चाललो. आनि ही बोलली, आजोबा, तुमचा चुकतंय. पाऊन तास नाय, पन्नास मिन्टां हाय. आठ दिसात तुमी चालीस मिन्टां मागं पडता." सांगताना आजोबा हसत होते. नातीने आपली चूक काढली याचा त्यांना झालेला आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

वैजयंती बाई तिथेच, जाळ्याशेजारच्या ओट्यावर बसल्या आणि फाइल पहिल्या पानापासून वाचू लागल्या. पहिल्या दोन पानांवर तारखा आणि वेळा होत्या. तिसऱ्यावर आलेख. दोन समांतर रेषा: एक दुपारच्या भरतीची, एक सकाळच्या भरतीची. दोघींचा चढ सारखा, रोज पन्नास मिनिटं. काही ठिकाणी ठिपक्यांऐवजी फुल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'फुली केलेल्या वेळा आजोबांनी पाहिल्या आहेत.' शेवटच्या पानावर निष्कर्ष होता. रेषीय समीकरणाने भरतीची वेळ साधारण सांगता येते, पण 'अष्टमीच्या सुमारास ठिपके रेषेपासून दूर जातात. कारण मला माहीत नाही.'

बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. विकत घेतलेल्या प्रकल्पात, कुणा मोठ्याने करून दिलेल्या प्रकल्पात असं वाक्य कधीच नसतं. तिथे सगळे ठिपके रेषेवर बसलेले असतात. जी माणसं खरोखर मोजतात त्यांनाच न जुळणारे ठिपके सापडतात. हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो, आणि ज्या एका मुलीने ते केलं तिला आपण सगळ्यांसमोर खोटी ठरवलं. त्यांना स्वतःचा राग आला. त्यांनी फाइल मिटली.

"उन्नती, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या.

उन्नतीने मान हलवली. राग नाही, रडणं नाही. "बरं बाई," एवढंच म्हणाली आणि आजोबांच्या हातातलं जाळ्याचं टोक धरून उभी राहिली.

सोमवारी वैजयंती बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. नंदकुमार सर त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, एके काळी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून इतिहासाचे पेपर तपासणारे. चांगला माणूस, कुणाला दुखवायला नको म्हणून जपणारा. बाईंनी लेखी अर्ज आणला होता. तपासताना माझ्याकडून अन्याय झाला आहे, प्रकल्प विद्यार्थिनीने स्वतः केला आहे, दहापैकी दहा गुण द्यावेत आणि प्रदर्शनासाठी हाच प्रकल्प पाठवावा.

सरांनी अर्ज वाचला आणि दार लोटून घेतलं. गुण ॲपवर गोठलेले आहेत, ते म्हणाले. बदलायचे तर संस्थेला कारण कळवावं लागतं. तुम्ही 'अन्याय' असा शब्द लिहिला आहे. हा कागद एकदा बाहेर गेला की उद्या प्रत्येक पालक आपापली फाइल घेऊन दारात उभा राहील. त्यापेक्षा आकडा भरताना टायपिंगची चूक झाली असं लिहा, मी आजच सही करतो, पोरीला दहा गुण मिळतील, विषय संपेल. प्रदर्शनाची नावं मात्र गेली आहेत, ती आता बदलता येणार नाहीत.

वैजयंती बाई म्हणाल्या की टायपिंगची चूक झालेली नाही. फाइलवर शेरा आहे आणि तो अठ्ठावन्न मुलांसमोर वाचून दाखवलेला आहे. गुण मुकाट्याने वाढवले तर वर्ग म्हणेल, आई येऊन भांडली म्हणून मिळाले.

"तुम्ही उगाच स्वतःचं नाव खराब करून घेताय," सर म्हणाले. "एका मुलीचे दहा मार्क आहेत हो. पुढच्या चाचणीत सढळ हाताने द्या, संपलं."

"सर, मार्कांचं नाहीच आहे हे. मी तिला खोटारडी म्हटलंय. ते मला परत घ्यायचंय, आणि तुम्ही मला सांगताय की ते परत घ्यायला आपल्याकडे रकाना नाही."

सरांनी अर्ज घडी करून बाईंसमोर सरकवला. या भाषेत मी तो घेऊ शकत नाही, ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि बाईंना नेमका त्याचाच संताप आला. आरडाओरडा केला असता तर भांडता तरी आलं असतं. मैत्रीचं विकतचं मॉडेल प्रदर्शनात झगमगणार होतं, शाळेच्या फलकावर तिचा फोटो लागणार होता, आणि हे सगळं नियमात बसत होतं. चूक कबूल करणारा कागद तेवढा बसत नव्हता.

बुधवारी सकाळच्या परिपाठाची पाळी वैजयंती बाईंची होती. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. मग त्या माइकपाशी गेल्या. मुलं नेहमीप्रमाणे पायांनी माती उकरत उभी होती.

त्यांनी फार बोलायचं नाही असं ठरवलं होतं. नववी ब च्या उन्नतीचा प्रकल्प दुसऱ्याने केलेला आहे असं मी वर्गात म्हणाले, ते खोटं होतं, त्या म्हणाल्या. तिने महिनाभर दिवाळ्याच्या जेट्टीवर भरतीच्या वेळा मोजल्या. माझ्या सव्वीस वर्षांत एवढा चांगला प्रकल्प माझ्याकडे आलेला नाही. मी तो नीट वाचलाही नाही आणि तिच्यावर आरोप केला. "जे विकत आणलेलं होतं त्याला मी काही विचारलं नाही. जिने खरं काम केलं तिला विचारलं. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागते."

नंदकुमार सर पायऱ्यांवर उभे होते. ते खाली बघत राहिले. नववीच्या रांगेत उन्नती सरळ समोर पाहत होती. तिच्या पुढे उभी असलेली मैत्री रडायला लागली, आणि बाईंना त्याचंही वाईट वाटलं, कारण दुकानात काही ती एकटी गेली नव्हती.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. पालक संघाकडून तक्रार आली की बाईंनी मुलांसमोर एका विद्यार्थिनीला अप्रत्यक्षपणे अपमानित केलं. बाईंकडे लेखी खुलासा मागितला गेला. त्यांनी दोन ओळींचा खुलासा दिला आणि सोबत तोच जुना अर्ज पुन्हा जोडला. आठवड्याभराने ॲपवर उन्नतीच्या नावापुढे शून्याच्या जागी दहा दिसू लागले. शेजारी कारणाच्या चौकटीत लिहिलं होतं, टायपिंगची चूक. कुणी लिहिलं ते बाईंनी विचारलं, तर क्लार्कने मुख्याध्यापकांच्या खोलीकडे बोट दाखवलं. प्रदर्शनाला मैत्रीचं मॉडेलच गेलं. आणि फेब्रुवारीच्या शेवटी पुढच्या वर्षीच्या तासिकांची वाटणी लागली तेव्हा वैजयंती बाईंच्या वाट्याला पाचवी आणि सहावी आली होती. नववी-दहावीचं बीजगणित दुसऱ्या बाईंकडे गेलं.

घरी त्यांनी पुण्यातल्या मुलाला, निखिलला, फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, अगं आई, उरलीत किती वर्षं, कशाला टेन्शन घेतेस. बाई म्हणाल्या की टेन्शन नाही, राग आहे, आणि तो असू दे.

वर्ग चालूच राहिला. उन्नती रोज यायची, दुसऱ्या बाकावर बसायची. पूर्वी उत्तर येत असलं की तिचा हात सगळ्यात आधी वर जायचा. आता जात नव्हता. विचारलं की उभी राहून बरोबर उत्तर द्यायची आणि खाली बसायची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी गृहपाठाच्या वह्या गोळा केल्या. आठ उदाहरणं होती. उन्नतीची वही उघडली. आठही उदाहरणं बरोबर, पायऱ्या स्वच्छ. मग त्यांचं लक्ष समासाकडे गेलं. प्रत्येक उदाहरणाशेजारी बारीक अक्षरात काही लिहिलेलं होतं. उदाहरण पहिले: रविवार, संध्याकाळी सात ते सव्वासात, ओट्यावर, आई समोर होती. उदाहरण दुसरे: सव्वासात ते साडेसात, आई समोर होती. तिसरे: पाणी भरून आल्यावर, आजोबा समोर होते. असं आठव्यापर्यंत. चौथ्यापुढे लिहिलं होतं, या वेळी कोणी नव्हते.

शाळा सुटताना बाईंनी तिला थांबवून घेतलं. हे लिहायची गरज नाही, त्या म्हणाल्या. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे.

"म्हाईत हाय बाई," उन्नती म्हणाली. "पण जूनमध्ये दुसऱ्या बाई असणार. त्यांना म्हाईत नसणार. आत्तापासून सवय लावून घेतेय."

ती दप्तर पाठीवर टाकून उभी होती, वही मिळायची वाट बघत. वैजयंती बाईंनी पेन काढलं. चौथ्या उदाहरणाच्या समासात, 'कोणी नव्हते' च्या खाली, त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहून सही केली, तारीख घातली आणि शाई वाळेपर्यंत वही तशीच उघडी धरून ठेवली.