कापडाखालचा डाग

मी एक जुना, घडीच्या पायांचा, जेवणाचा चौरंग आहे. मित्रांनो, माझे चार पाय पोटाशी दुमडले की मी सपाट होतो आणि फ्रीज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मावतो. उरलेलं आयुष्य त्या फटीतच जाणार, असं मी धरून चाललो होतो. पण एके दिवशी मला पुन्हा बाहेर काढलं. जेवणासाठी नव्हे, शिकवणीसाठी. ती शिकवणी मी पहिल्या दिवसापासून पाहिली. वर बसलेल्यांना जे दिसत नव्हतं ते मला खालून दिसत होतं, आणि मला तोंड नाही.

माझा जन्म नामहे बेटावरचा. तिथल्या एका सुतारानं मला आपल्या मुलीच्या, एरानच्या, लग्नासाठी घडवलं. त्यानं माझ्यावर तांबूस लाखेचे सात हात दिले. सातवा हात वाळेपर्यंत त्यानं घरात कुणाला झाडू मारू दिला नाही. एरान मला घेऊन कोजे बेटावर सासरी आली. तिचा नवरा चांगशिक तिथं जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. घरी आलेला प्रत्येक पाहुणा आधी माझ्याकडे बघायचा आणि मग जेवणाकडे. "वहिनी, ह्याच्यात तर तोंड दिसतं!" असं कुणी म्हटलं की एरान मुद्दाम ओला फडका घेऊन मला पुन्हा पुसायची. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं.

खालच्या मजल्यावर दासोम नावाची मुलगी राहायची. तिची आई कारखान्याच्या खानावळीत कामाला होती, घरी यायला उशीर व्हायचा. म्हणून दासोम संध्याकाळी वर यायची आणि माझ्यावर जेवायची. आठ वर्षांची असताना तिनं नूडल्सचं रटरटतं पातेलं चुलीवरून उचललं आणि थेट माझ्यावर ठेवलं. चर्र आवाज झाला. उचललं तर खाली बशीएवढं पांढरं वर्तुळ उमटलेलं.

एरान धावत आली. "कुणी केलं हे?"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. चांगशिक वर्तमानपत्रामागून म्हणाला, "मी. चुकून ठेवलं गेलं."

पुढचा आठवडाभर एरान त्याच्याशी धड बोलली नाही. मग तिनं बाजारातून फुलाफुलांचं मेणकापड आणलं आणि माझ्यावर चिकटवून टाकलं. डाग झाकला गेला. पण कापडाच्या कडेतून सांडलेला रस्सा आत जायचा, तो बाहेर कसा पडणार? त्या वर्तुळाभोवतीचं माझं लाकूड हळूहळू काळं पडून फुगू लागलं. वरून मात्र फुलंच फुलं. काही वर्षांनी घरात उंच टेबल-खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी फटीत झाली.

आता शिकवणीकडे येतो. नऊ वर्षांपूर्वी जहाजाच्या पोटातल्या एका टाकीत विषारी वायू साचून एक कामगार बेशुद्ध पडला. चांगशिक कसलाही विचार न करता आत उतरला आणि त्याला खांद्यावर घालून वर आला. तो माणूस जगला. चांगशिकच्या छातीत मात्र तो वायू कायमचा मुक्कामाला राहिला. या वसंतात डॉक्टरांनी वेल्डिंग बंद करायला सांगितलं. कारखान्यात त्याच्याजोगी एकच जागा होती, सुरक्षा मुकादमाची. ती मिळाली नाही तर नोकरी संपली. आणि त्या जागेसाठी परदेशी तपासनिसासमोर पंधरा मिनिटं इंग्रजीत बोलून दाखवायचं होतं. चांगशिक बावन्न वर्षांचा, इंग्रजीची आणि त्याची शाळेपासूनच फारकत.

दासोम तेव्हा इंग्रजी शिकून नुकतीच घरी परतली होती. तिनं आजवर कुणालाच शिकवलं नव्हतं. "काका, मी येते ना रोज," ती म्हणाली. उंच टेबलावर किमचीचे, म्हणजे आंबवलेल्या कोबीचे, डबे आणि वाळत टाकलेल्या मिरच्या होत्या, म्हणून मला बाहेर काढलं.

पहिल्या संध्याकाळी चांगशिक स्वच्छ शर्ट घालून, गुडघे मोडून, ताठ बसला होता. दासोम आत येताच त्यानं मान लववली. "या बाई, बसा."

"काका! अहो-जाहो काय करताय? मी दासोम आहे."

"जेवताना दासोम. वही उघडली की बाई."

स्वयंपाकघरातून एरान ओरडली, "अहो विद्यार्थी, आधी बाईंना सफरचंद तरी खाऊ द्या! पोरगी घाबरलीय तुमच्या शर्टाला."

दासोम खरंच घाबरली होती. तिचा गुडघा माझ्याखाली थडथड उडत होता. तिनं वहीत बारा प्रश्न आणि बारा उत्तरं लिहून आणली होती. ती एक वाक्य समजावून सांगायची आणि विचारायची, "कळलं ना, काका?" चांगशिक म्हणायचा, "कळलं, बाई." प्रत्येक वेळी कळलं. एकदाही नाही कळलं असं झालं नाही.

मित्रांनो, त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. भांडी घासताना एरान त्याला म्हणाली, "तुमच्या तोंडावर तर सगळा अंधार होता. विचारायचं ना तिला पुन्हा!"

"कसं विचारू? तिची पहिलीच शिकवणी आहे. मी नाही म्हटलं तर तिला वाटेल, तिला शिकवता येत नाही."

"आणि नापास झालात तर काय वाटेल तिला, तेवढं सांगा!"

चांगशिकनं दुसराच मार्ग शोधला होता. पहाटेपासून घोकून घोकून त्यानं बाराही उत्तरं क्रमानं पाठ केली. शिकवणीत तो डावा हात माझ्याखाली धरायचा. दासोमनं प्रश्न विचारला की एक बोट दुमडायचा. एक बोट, पहिलं उत्तर. दोन बोटं, दुसरं. पाच संपली की पुन्हा अंगठ्यापासून. प्रश्न काय आहे ते तो ऐकतच नव्हता, फक्त कितवा आहे ते मोजत होता. वर दासोमचा चेहरा फुलायचा. "किती छान, काका!" खाली ती बोटं मी एकटाच बघत होतो. माझा जीव नुसता कासावीस व्हायचा.

दुसऱ्या आठवड्यात दासोमकडून वहीची पानं चुकून एकदम उलटली गेली आणि तिनं सुरुवातीलाच पाचवा प्रश्न विचारला, आग लागली तर काय कराल? चांगशिकनं अंगठा दुमडला आणि खणखणीत आवाजात पहिलं उत्तर दिलं. नाव सांगितलं, सव्वीस वर्षं कारखान्यात आहे म्हणाला, आणि डोंगर चढायला आवडतं म्हणाला.

दासोम वहीकडे बघत राहिली. तिला कळलं. मला खात्री आहे, त्या क्षणी तिला सगळं कळलं.

"बरोबर ना, बाई?" चांगशिकनं विचारलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

मी मनातल्या मनात ओरडत होतो, सांग गं बाई, चुकलं म्हणून सांग! पण समोर बसलेला माणूस तिच्या वडिलांपेक्षा मोठा होता, आणि त्याच्या ताटातला मासा खाऊन ती वाढली होती. तिनं मान खाली घातली. "बरोबर, काका. पान माझंच चुकलं." त्या दिवसापासून ती न चुकता पहिल्यापासून बाराव्यापर्यंत ओळीनंच विचारू लागली.

माझ्या एका पायाची बिजागरी सैल आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पाय निसटला, मी कलंडलो आणि बार्लीचा चहा वहीवर सांडला. मला तेवढंच बोलता येत होतं. दोघांनी घाईघाईनं वही पुसली, माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरू केलं.

परीक्षेच्या दिवशीच नेमका चांगशिकचा वाढदिवस आला. वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप हवंच, पण परीक्षेच्या दिवशी तसली बुळबुळीत वस्तू खाल्ली की माणूस घसरतो म्हणतात. "वाढदिवस रविवारी करू. आज चिकट खा, चिकटून बसा त्या खुर्चीला," असं म्हणत एराननं त्याच्यापुढे चिकट भाताची मिठाई ठेवली. दासोम जिन्यापर्यंत सोडायला आली. निरोप देताना ती काहीतरी बोलायला गेली आणि नुसतीच हसली.

दुपारी चांगशिक परतला, माझ्यासमोर बसला आणि हसायलाच लागला. दासोम आणि एरान दोघी त्याच्याकडे बघत होत्या.

"साहेबानं त्या बारांतला एकही प्रश्न विचारला नाही. मी अंगठा दुमडला आणि पहिलं उत्तर ठोकून दिलं. दुभाष्यानं मला नंतर सांगितलं काय विचारलं होतं ते. टाकीत माणूस बेशुद्ध पडला तर आधी काय कराल? आणि मी म्हणालो, मला डोंगर चढायला आवडतं." तो पुन्हा हसला आणि हसता हसता खोकला लागला.

कुणीच हसलं नाही. टाकीचं उत्तर त्या अख्ख्या कारखान्यात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? छातीत घेऊन फिरत होता तो ते उत्तर.

दासोम रडू लागली. "मला माहीत होतं, काका. तुम्हाला प्रश्न कळत नव्हते, ते मला पानं उलटली तेव्हाच कळलं होतं. मी सांगितलं नाही."

"तुला माहीत आहे, हे मलाही माहीत होतं," चांगशिक म्हणाला. "म्हणून तर ओळीनं विचारायला लागलीस." मग त्यानं डावा हात माझ्याखालून काढून वर ठेवला आणि तिला ती बोटांची मोजणी दाखवली.

"जपता जपता नोकरीच्या मुळावरच घाव घातला दोघांनी," एरान ॲप्रनला नाक पुसत म्हणाली. "एवढी माया कुणी सांगितली होती करायला?"

दासोमनं डोळे पुसले आणि वही ओढली. "काका, काय करायचं असतं आधी? टाकीत?"

"उतरायचं नाही. मी उतरलो, ते चुकलं. आधी आत हवा सोडायची. मग दोर बांधायचा. मग उतरायचं."

तिनं ते इंग्रजीत लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यानं म्हणून पाहिलं. "चुकलं, काका," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण म्हणाली. "परत." त्यानं परत म्हटलं. "थांब, हे कळलं नाही," तो म्हणाला. तिनं पुन्हा सांगितलं. पाचव्या वेळी तो माझ्यावर बोटानं टकटक करत सावकाश बोलला: हवा, दोर, मग मी. त्याचा दुसरा हातही वरच होता. त्या दिवशी पहिला धडा झाला. परीक्षा मात्र सकाळीच संपली होती.

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. चांगशिक आणि एरान नामहेला तिच्या माहेरच्या लसणीच्या वाफ्यांवर गेले. घर लहान, मला जागा नव्हती. टाकाऊ सामानाची चिठ्ठी कपाळावर चिकटवून मला इमारतीखाली उभं केलं. कचऱ्याची गाडी यायच्या आत दासोमनं मला उचलून घरी नेलं. तिनं ते फुलांचं कापड ओढून काढलं, तेव्हा लाखेचे पापुद्रे सोबत निघाले. काळं, फुगलेलं लाकूड तिनं बोटांनी चाचपून पाहिलं. वेळीच उघडं ठेवलं असतं तर डागच राहिला असता, लाकूड कुजलं नसतं.

मित्रांनो, मी जुना झालो आहे, म्हणून हक्कानं सांगतो. घरातल्या जुन्या वस्तूंवर झाकण घालू नका, त्या पुसत जा. आणि मायेच्या माणसाची चूक दिसली तर मूग गिळून बसू नका. तुम्हाला तोंड आहे.

आता माझ्यावर एक नवी मुलगी शिकायला बसते. "कळलं," ती पटकन म्हणते. "हात वर ठेव, मला दिसू दे," दासोम म्हणते, आणि पानं मागे-पुढे करून विचारते. परवा त्या मुलीनं माझ्यावरच्या वर्तुळावर बोट ठेवलं. "बाई, हा डाग कुणी पाडला?"

"मी," दासोम म्हणाली. "मीच पाडला होता."